झुबकीची शेंग आणि लाल झाड

एक होती खार.
एवढीशी खार, पण शेपूट केवढी! झुबकेदार.
म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकीला पुणं बघायचं होतं.
आई म्हणाली, "बघून ये. पण ही भुईमुगाची शेंग घेऊन जा. नव्या गावी पहिला घास घरचा खायचा. म्हणजे तिथं करमतं."
झुबकीने शेंग तोंडात धरली.
कोबीच्या टेम्पोत बसली.
खडखड खडखड, खडखड खडखड.
आलं पुणं!

टेम्पो थांबला. झुबकी उतरली.
इकडे बघते तर चाकं. तिकडे बघते तर चाकं.
वर बघते तर घरावर घर, घरावर घर, आणि त्याच्यावरही घर!
"हे काय? ते काय? आणि ते लांबचं काय?"
पण तोंडात शेंग. मग विचारणार कसं?

झुबकीला एक झाड दिसलं.
लाल लाल झाड. गोल गोल खोड.
ना फांदी, ना पान.
पण वरती एक ढोली होती! लांबट, बारीकशी ढोली.
ढोली दिसली की शेंग लपवायची. हे तर प्रत्येक खारीला ठाऊक असतं.
झुबकी झाडावर चढली. तिने शेंग ढोलीत ठेवली.

टुपुक!

शेंग आत पडली. खोल खोल पडली.
झुबकीने हात घातला. पोचेना.
डोकं घातलं. मावेना.
"झाडा, झाडा, माझी शेंग दे ना!"

लाल झाड म्हणालं, "मी झाड नाही. मी टपालपेटी. लोक माझ्यात पत्रं टाकतात."
"मी शेंग टाकली."
"ते कळलं मला. पोटात टोचतेय."
"मग दे ना!"
"माझं पोट मला उघडता येत नाही. किल्ली पोस्टमनकाकांकडे. त्यांना सांग."

झुबकीला आईचं बोलणं आठवलं.
शेंग नाही, तर पहिला घास कुठला? आणि घास नाही, तर करमणार कसं?
तुरुतुरु तुरुतुरु झुबकी निघाली.

कोपऱ्यावर पोस्टमनकाका होते.
खाकी कपडे, मोठी पिशवी.
सायकल हातात धरून चालले होते.

"पोस्टमनकाका, पोस्टमनकाका,
पेटी उघडेना,
माझी शेंग मला मिळेना.
पेटी उघडता का?"

काका म्हणाले, "पेटीत शेंग? कमाल आहे तुझी! पण पेटी उघडली की पत्रं लगेच न्यावी लागतात. नेऊ कशावरून? चाक बघ, पंक्चर झालंय. आधी सायकल चालू दे, मग पेटी उघडतो. पुढे जाऊन अन्वरचाचांना सांग, मी सायकल घेऊन येतोच."

तुरुतुरु तुरुतुरु झुबकी निघाली.

अन्वरचाचांचं पंक्चरचं दुकान.
दाराला काळं काळं काहीतरी लोंबत होतं.
झुबकी दोन पावलं मागे सरली.
"हे साप आहेत का?"
चाचा हसले. "नाही बेटा, या ट्यूब. चाकाच्या पोटात असतात."
झुबकीने एका ट्यूबला हळूच बोट लावलं. मऊ! मग तिने सांगितलं,

"अन्वरचाचा, अन्वरचाचा,
सायकल चालेना,
पेटी उघडेना,
माझी शेंग मला मिळेना.
पंक्चर काढता का?"

चाचा म्हणाले, "काढीन की! पण भोक कुठंय ते कसं कळणार? ट्यूब पाण्यात बुडवायची. जिथून बुडबुडे येतात, तिथं भोक. आणि माझ्या नळाला पाणीच नाही."
चाचांनी नळ फिरवला. नळ म्हणाला, फुस्स!
"आधी पाणी सुटू दे, मग पंक्चर काढतो. पाणी त्या उंच इमारतीचे वॉचमनमामा सोडतात, त्यांना सांग."

तुरुतुरु तुरुतुरु झुबकी निघाली.

उंच इमारत. मोठं गेट.
गेटवर वॉचमनमामा बसले होते.
डोळे अर्धे मिटलेले. तोंड पूर्ण उघडलेलं.
आऽऽऽ!
"मामा, तुम्ही मला खाणार का?"
"नाही गं बाई! जांभई देतोय."

"वॉचमनमामा, वॉचमनमामा,
पंक्चर निघेना,
सायकल चालेना,
पेटी उघडेना,
माझी शेंग मला मिळेना.
पाणी सोडता का?"

मामा म्हणाले, "सोडलं असतं. पण रात्रभर जागा होतो. डोळे उघडेनात. असाच गेलो, तर पाण्याचा भलताच कॉक फिरवीन. मग चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची अंघोळ राहील आणि मला बोलणी बसतील! आधी चहा उकळू दे, मग पाणी सोडतो. चहावाल्या ताईंना सांग."

तुरुतुरु तुरुतुरु झुबकी निघाली.

ताईंची टपरी एवढीशी.
स्टोव्हवर भांडं. भांड्यात दूध, पण स्टोव्ह बंद.
"ताई, हे पांढरं तळं कुणाचं?"
"तळं! आता काय म्हणावं या पोरीला? दूध आहे ते, दूध!"

"चहावाल्या ताई, चहावाल्या ताई,
पाणी सुटेना,
पंक्चर निघेना,
सायकल चालेना,
पेटी उघडेना,
माझी शेंग मला मिळेना.
चहा उकळता का?"

ताईंनी कमरेवर हात ठेवले.
"आल्याशिवाय? माझ्या टपरीवर? छे छे! बिनआल्याचा चहा दिला, तर लोक मला विचारतील, ताई, बरं नाही का? आधी आलं येऊ दे, मग चहा उकळते. हौसामावशींना सांग."

तुरुतुरु तुरुतुरु झुबकी निघाली.

बोळात एक हातगाडी उभी होती.
गाडीवर मेथी. गाडीवर मुळे. गाडीवर लाल लाल टोमॅटो.
झुबकीने चाकं बघितली. मग भाजी बघितली. मग पुन्हा चाकं बघितली.
"मावशी, तुमच्या शेताला चाकं आहेत?"
"ऐका! अगं, शेत तिकडे लांब. ही माझी गाडी!" हौसामावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

"हौसामावशी, हौसामावशी,
चहा उकळेना,
पाणी सुटेना,
पंक्चर निघेना,
सायकल चालेना,
पेटी उघडेना,
माझी शेंग मला मिळेना.
आलं देता का?"

मावशी म्हणाल्या, "दिलं असतं गं बाळे. पण दिवसाची पहिली भाजी मी चौकातच विकते. पिंपळाखाली, माझ्या जागेवर. माझी आई तसंच करायची, मीही तसंच करते. आणि बघ, पुढे कोण बसलंय! आधी गाडी सरकू दे, मग आलं देते. त्या गाईला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु झुबकी निघाली.
फार लांब जावं लागलं नाही.

बोळाच्या तोंडाशी गाय बसली होती.
इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत, गायच गाय!
"अगंबाई! गाई, तू पण गावाहून आलीस?"
"छे. मी इथलीच," गाय म्हणाली. "या बोळातली. जन्मापासून."

"गाईताई, गाईताई,
गाडी सरकेना,
चहा उकळेना,
पाणी सुटेना,
पंक्चर निघेना,
सायकल चालेना,
पेटी उघडेना,
माझी शेंग मला मिळेना.
उठतेस का?"

गाईने कान हलवला. फटफट फटफट.
"कान खाजतोय माझा. आत गोचीड शिरलीये. रोज कावळा येतो, कान साफ करतो. आज आलाच नाही. आधी कावळा येऊ दे, मग उठते. त्याला सांग."
"कुठे असतो कावळा?"
"पिंपळावर. अगदी वर."

तुरुतुरु तुरुतुरु झुबकी निघाली.

चौकात पिंपळ होता.
खरं झाड! खडबडीत खोड. सळसळ पानं.
झुबकी सरसर सरसर वर चढली.
अगदी वर कावळा बसला होता.
काळा काळा कावळा. ही एवढी चोच!
झुबकी तिथंच थांबली.
गावात कावळा दिसला की ती पळायची.
पण आज पळाली, तर शेंग कुठली?
तिने शेपूट घट्ट धरली आणि दुरूनच म्हणाली,

"कावळेदादा, कावळेदादा,
गाय उठेना,
गाडी सरकेना,
चहा उकळेना,
पाणी सुटेना,
पंक्चर निघेना,
सायकल चालेना,
पेटी उघडेना,
माझी शेंग मला मिळेना.
खाली येतोस का?"

कावळा म्हणाला, "काव! नवीन दिसतेस. केवढं लांबलचक बोलतेस!"
"येतोस का पण?"
"कसा येऊ? पाय बघ."
कावळ्याच्या पायाला मांजा गुंडाळला होता. पतंगाचा मांजा.
एक टोक पायाला. एक टोक फांदीला.
कावळा उडायचा, फडफड! आणि मांजा ओढायचा, खट्!
"सकाळपासून असाच बसलोय. आधी मांजा तुटू दे, मग येतो."
"बरं. कुणाला सांगू?"

कावळ्याने इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
"कुणाला सांगणार? एवढ्या वर येतं कोण?"

झुबकीनेही इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
फांदीवर दुसरं कुणीच नव्हतं.
फक्त कावळा. आणि झुबकी.

झुबकीने डोळे मिचकावले. एकदा. दोनदा.
"कावळेदादा, चोच मारणार नाहीस ना?"
"नाही मारणार."
"नक्की?"
"काव! नक्की."

झुबकी पुढे सरकली.
आणखी पुढे.
अगदी पायाजवळ.
आणि लागली कुरतडायला.

कुर्र कुर्र.
कुर्र कुर्र कुर्र.
कुर्र कुर्र कुर्र कुर्र...
तट्!

मांजा तुटला!

कावळा उडाला, फडफड फडफड!
गाईचा कान साफ केला, टोच टोच टोच!
गाय उठली, हम्माऽऽऽ!
गाडी सरकली, कुईंकुईं कुईंकुईं!
मावशींनी पिंपळाखाली गाडी लावली आणि आलं दिलं. वर कोथिंबिरीची काडीही दिली.
ताईंनी आलं ठेचलं, ठक ठक ठक!
चहा उकळला, रटरट रटरट!
मामांनी चहा प्यायला, फुर्रर्र! डोळे उघडले, टक्क!
कॉक फिरवला, बरोबर तोच.
पाणी सुटलं, धो धो धो!
चाचांनी ट्यूब बुडवली, बुडबुड बुडबुड!
"हे बघ बेटा, हे भोक!"
झुबकीने वाकून बघितलं. एवढं छोटं भोक! त्याने एवढी मोठी सायकल थांबवली!
पंक्चर निघालं.
सायकल चालली, ट्रिंग ट्रिंग! पुढे काका, दांडीवर झुबकी.
किल्ली फिरली, खटॅक!
पेटी उघडली!

पेटी चौकाच्या कडेलाच, म्हणून सगळे बघू लागले.
भसाभस पत्रं पडली.
पांढरं पत्र. पिवळं पत्र. लग्नाची पत्रिका.
शेंग कुठंय?
झुबकीने पांढरं पत्र उचललं. नाही.
पिवळं उचललं. नाही.
पत्रिका उचलली.
खाली होती शेंग!

"माझी शेंग!"

काकांनी शेंग हातात घेतली. उलटी केली. सुलटी केली.
"हं. यावर पत्ता नाही. तिकीट नाही. नावही नाही. टपालातली वस्तू अशी कुणालाही देता येत नाही. कुणाची आहे, कसं कळणार?"

झुबकीचे डोळे भरले.
"माझी आहे. आईने दिली."
"तुला ओळखतं का इथं कुणी?"

झुबकीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.
ती तर आजच आलेली. नवीन. गावाहून. तिला कोण ओळखणार?

"काव! मी ओळखतो!" कावळा पिंपळावरून ओरडला.
"हम्माऽऽ! मी पण," गाय म्हणाली.
"माझ्या गाडीला शेत म्हणाली ती! तिचीच शेंग आहे," हौसामावशी म्हणाल्या.
"आणि माझ्या दुधाला तळं!" ताई टपरीतून म्हणाल्या.
"मी तिला खाणार होतो म्हणे!" मामा म्हणाले. आता ते टक्क जागे होते.
"ट्यूबला साप म्हणाली. देऊन टाका, काका," चाचा म्हणाले.
पेटीही हळूच म्हणाली, "पोटात टोचत होती, ती तिचीच."

पोस्टमनकाका मोठ्याने हसले.
"अगं, तुला तर अख्खा चौक ओळखतो!"
आणि त्यांनी शेंग झुबकीच्या हातात ठेवली.

झुबकी पेटीवर चढून बसली.
शेंग फोडली. कट्!
आत तीन दाणे. गुलाबी गुलाबी.
तिने एक दाणा खाल्ला. कुडुम कुडुम.
पहिला घास. घरचा.

सगळे बघत राहिले.
हौसामावशींनी विचारलं, "काय गं, करमतंय का आमच्या गावात?"

झुबकीचं तोंड भरलेलं होतं.
तिने दाणा गिळला. मान वर केली.
रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"काका, त्या वळणाच्या पलीकडे काय आहे?"

आणि तुरुतुरु तुरुतुरु
झुबकी निघाली.

शेंग फुटली, दाणे निघाले,
टरफलं सगळी वाऱ्याने नेली.
झुबकी गेली वळणापल्याड,
आपली गोष्ट इथंच निजली.