मी बांधलेलं रोप

“मग मी काय कमी केलं, ते तरी सांगा.”

लिगोरीबाबा आंब्याखालच्या मचाणावर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. वेंगुर्ल्याच्या अलीकडे त्यांचा लहानसा आश्रम. तिथं प्रार्थना कमी आणि कलमं जास्त, असं लोक म्हणत. मी आणि माझा थोरला भाऊ इनास, दोघंही तिथंच कामाला.

तीन दिवसांचा ताप, आणि इनास गेला. त्याला पुरून नऊ दिवस झाले होते.

“कमी केलंस, असं कोण म्हणतं?”

“तुम्हीच. मातीच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणालात, इनास मरायच्या आधीच देवात पोचला होता. माझ्याबद्दल असं कधी बोलला नाहीत.”

“तू मेलास कुठं?”

मला हसू आलं नाही.

“तो प्यायचा, बाबा. दहा वर्षं. रविवारी मी मिस्साच्या प्रार्थनेला आणि तो गुत्त्यात. शेवटचं एक वर्ष देवळात मागच्या बाकावर रडत बसला, तेवढंच. मी थेंबाला शिवलो नाही. खोटं बोललो नाही. चाळीस दिवसांच्या उपवासात मासळीचा वास घेतला नाही.”

“वाससुद्धा नाही? बाजारातून नाक धरून जायचास?”

“थट्टा नको, बाबा... त्याला मिळाला तो देव मला हवाय. त्याच्यासाठी रडायला बसतो आणि मध्येच त्याचा हेवा वाटतो. धड रडूही येत नाही.”

बाबा मचाणावरून उतरले.

मग म्हणाले, “तुझं कलम कुठलं?”

मृगात आम्ही दोघांनी एकाच झाडाला भेटकलमं बांधली होती. कुंडीतल्या रोपाची साल तासायची, फांदीची तासायची, ओल्याला ओलं लावून घट्ट बांधायचं, की दोन्ही एकजीव होतात. मी माझं दाखवलं. सुतळीचे वेढे एकसारखे. असं नेटकं बांधलेलं बागेत दुसरं नव्हतं.

बाबांनी चाकूनं सुतळी कापली.

रोप अलगद फांदीपासून सुटलं. हिरवंगार. खोडावर एक ओरखडा नाही.

“तासलं नाहीस?”

“इतकं चांगलं रोप... कापवेना. म्हटलं, घट्ट बांधलं की पुरे.”

शेजारी इनासचं होतं. वेडंवाकडं, गाठीवर गाठ. बाबांनी तीही सुतळी कापली. रोप ओढलं, तशी फांदीच खाली वाकली. दोन्हींच्या जोडावर जाड, ओबडधोबड फुगवटा आला होता.

मला ते रोप उपटून फेकावंसं वाटलं. हात पुढे गेलाही.

बोट त्या जोडावर पडलं... आणि मी तिथंच खाली बसलो. नऊ दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडलो.

बाबांनी अडवलं नाही. बऱ्याच वेळानं माझ्या छातीवर पंजा ठेवला.

“ओलं आहे, तोवर टेकव.”