गुरुवारची पंगत

एकदा एका मोठ्या शहराच्या जुन्या बाजारपेठेत लूथरन पंथाच्या ख्रिस्ती भाविकांची एक लहानशी मंडळी होती. चर्चची इमारत दगडी आणि भक्कम, पण सभासद उरले होते जेमतेम सत्तावीस. बाकीचे शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेले होते आणि फक्त नाताळाला उगवत. चर्चच्या चहूबाजूंना धान्याची आणि रद्दीची गोदामे, दिवसभर हातगाड्यांचा खडखडाट. चर्चचे वृद्ध धर्मगुरू, पाळक शांतवन हिवाळे यांना सारी पेठ ओळखत असे. रस्त्यात भेटले की लोक नमस्कार करत. चर्चच्या दारात मात्र कोणी पाऊल टाकत नसे.

या पाळकबाबांच्या हाताखाली शिकायला रिबेका दुशिंग नावाची तरुणी आली. धर्मशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेली, उत्साह दांडगा. गोदामांतले हमाल दुपारी हातगाडीच्या सावलीत बसून कोरडी भाकरी खातात, हे तिने पहिल्याच आठवड्यात पाहिले आणि तिचे मन कळवळले. तिने चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीपुढे विषय मांडला. दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात सर्वांना गरम जेवण द्यायचे. कोणाची जात, धर्म विचारायचा नाही. प्रवचनही करायचे नाही.

पंचांनी माना डोलावल्या, पण बजावलेही, "तीन गुरुवार करून बघा. लोक आले तर चालू ठेवू. नाहीतर सभागृह रिकामंच आहे. शेजारचा व्यापारी ते गोदामासाठी कधीचा मागतोय."

पहिल्या गुरुवारी मंडळीतल्या सुगंधाबाईंनी पहाटेच उठून ऐंशी माणसांचा वरणभात रांधला. दारावर मोठा फलक लागला. रिबेका आणि पाच सभासद एकसारखे एप्रन बांधून ओळीने उभे राहिले. जेवायला आली नऊ माणसे. ती खाली मान घालून जेवली, हात धुतले आणि मुकाट्याने निघून गेली. रिबेकाने प्रत्येकाला प्रेमाने वाढले, अहवालासाठी फोटोही काढले. दुसऱ्या गुरुवारी चारच जण आले. त्यातल्या एकाने फोटो काढताना तोंडासमोर ताट धरले.

त्या संध्याकाळी पातेल्यात उरलेल्या भाताकडे पाहत रिबेका म्हणाली, "बाबा, माझं कुठे चुकलं? या माणसांना भूक नाही का?"

"भूक आहे की," एवढेच बोलून पाळकबाबा खिडक्या लावू लागले.

तिसऱ्या गुरुवारी रिबेका लवकर आली, तर दारावरचा फलक काढलेला. एप्रन घडी करून कपाटात ठेवलेले. आणि स्वयंपाकघरात चूलही पेटलेली नाही!

"सुगंधाबाई कुठे आहेत?"

"त्यांना मी आज सुटी दिली," पाळकबाबा शांतपणे म्हणाले.

"सुटी? आज शेवटचा गुरुवार आहे, बाबा! स्वयंपाक कोण करणार?"

"तेच विचारायला निघालोय. चल."

रिबेकाला रडू यायचे बाकी होते. म्हाताऱ्या माणसाने आपल्या कामावर पाणी फिरवले, असेच तिला वाटले. ती त्यांच्या मागोमाग धुसफुसत चालू लागली. पाळकबाबा धान्याच्या गोदामासमोर थांबले. हमालांचा मुकादम कोंडीराम पोत्यांवर बसून विडी ओढत होता. त्यांना पाहताच त्याने विडी विझवली.

"कोंडीराम, मोठ्या अडचणीत आहे रे. तांदूळ आहे, डाळ आहे, चूल आहे. पण ऐंशी माणसांचं रांधायला माणूस नाही."

"आणि त्या बाई?"

"सुटीवर."

"बरं झालं," कोंडीरामच्या तोंडून निसटले. मागचे हमाल फिदीफिदी हसले. मग तो धीर करून बोलला, "खरं सांगू का, बाबा? वरण पार पाणचट होतं. गावाकडं लग्नाचं रांधप माझ्याकडं असायचं. दोन-दोनशे पान उठवलंय मी."

न राहवून रिबेका म्हणाली, "मग तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

कोंडीरामने तिच्याकडे नवलाने पाहिले. "ताई, फुकट जेवायला बसलेल्या माणसानं मीठ कमी आहे म्हणायचं असतं का?"

पाळकबाबांनी हात देऊन कोंडीरामला पोत्यांवरून उठवले आणि तिघेही चर्चकडे निघाले.

तासाभरात सभागृहाचे रूपच बदलले. कोंडीराम बाह्या सरसावून चुलीपुढे बसला. रद्दीच्या गोदामात कागद निवडणारी शकुराबी "लसूण चिरायचा नसतो, ठेचायचा असतो" असे म्हणत आत शिरली ती बाहेर पडलीच नाही. मिरच्या किती घालाव्यात यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. रिबेकाच्या पुढ्यात कांद्यांची टोपली आली आणि तिचे कांदे जाड चिरले जातात म्हणून तिला दोनदा बोलणी बसली. फोडणीचा वास पेठेभर गेला. हमाल एकमेकांना हाका मारत आले. कोणी सतरंज्या अंथरल्या, कोणी पाण्याचे पिंप आणले.

एक वाजता वरण कमी पडू लागले. कोंडीरामने इकडेतिकडे पाहून पातेल्यात हळूच तांब्याभर पाणी ओतले. नेमक्या त्याच वेळी, घरी चैन न पडल्याने आलेल्या सुगंधाबाई दारात उभ्या होत्या.

"आता कसं झालं पाणचट?" त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारले आणि सारे सभागृह हसण्याने दणाणले. मग सुगंधाबाई स्वतःच त्या वरणाला वरून फोडणी द्यायला बसल्या.

या गोंधळात रिबेका पाळकबाबांजवळ आली. "बाबा, देवाची कृपा फुकट मिळते, असं आपणच शिकवतो. मग आपण फुकट दिलं, त्यात वावगं काय झालं?"

पाळकबाबा म्हणाले, "देण्यात काहीच वावगं नव्हतं, बाळ. पण कृपा देवाची आहे आणि आपण देव नव्हे. आपणही तिच्यावर जगणारेच. आपलं पान याच पंगतीत मांडलेलं आहे. ते विसरून आपण वाढणाऱ्यांच्या ओळीत उभे राहिलो आणि त्यांची भूक तेवढी पाहिली. त्यांच्या हातांत काय आहे, हे विचारलंच नाही. ज्या घरात मिठावरून भांडता येत नाही, ते घर कोणाला आपलं वाटेल?"

तीन गुरुवारांत आपण या सभागृहात एकदाही जेवलो नाही, हे रिबेकाच्या आत्ता ध्यानात आले. शेवटचा गुरुवार बघायला आलेले दोन पंच भिंतीलगत अवघडून उभे होते. बसायला जागाच उरली नव्हती. शकुराबीने थोडे सरकून त्यांना बसवले आणि पुढ्यात ताटे सरकवली. पहिला घास घेऊन थोरले पंच दुसऱ्या पंचांच्या कानात म्हणाले, "त्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवून टाका." मग मोठ्याने विचारले, "भात आहे का अजून?"

रिबेका सतरंजीवर एका हमालाच्या शेजारी मांडी घालून बसली. कोंडीरामने तिच्या ताटात वरण वाढले आणि तो समोरच उभा राहिला. तिने घास घेतला, क्षणभर विचार केला.

"मीठ थोडं कमी आहे," ती म्हणाली.

कोंडीरामचा चेहरा उजळला. "आणतो की!" म्हणत तो चुलीकडे धावला.

दुसऱ्याला वाढायला उठण्यापूर्वी आपले पान त्याच पंगतीत मांडले आहे ना, एवढे आपण पाहून घ्यावे.