सांध्याखालचं बोट

दोष श्रेणीतल्या, म्हणजे कारागिरांच्या संघातल्या, म्हाताऱ्यांचा होता. दुष्काळाचा नव्हता, नशिबाचा नव्हता, मागल्या जन्मीच्या पापाचा तर मुळीच नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण असल्या कथांत म्हातारे शेवटी शहाणे ठरतात. या कथेत ठरत नाहीत.

पूर्वी मणिपुष्कर नगरात राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाखेच्या बांगड्या करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. त्याचं नाव सोमिल. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारा नगरात कोणी नव्हता. बाईचा हात हातात घेतला की अंगठ्याचं हाड कुठे आडवं येणार, हे त्याच्या बोटांना आधी कळायचं.

त्याची बायको बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. तिचं नाव त्याने वल्ली ठेवलं. सुतक फिटलं त्याच दिवशी श्रेणीप्रमुख नंदिल चार वडीलधाऱ्यांना घेऊन दारात उभा राहिला.

"विधुराने सवाष्णीचा हात धरायचा नाही, ही आपली रीत," नंदिल म्हणाला. "दुकानावर बसायचं तर लग्न कर. माझी भाची आहे. पण ती पहिलीचं मूल सांभाळणार नाही. पोर आजोळी टाक."

"आजोळी कोणी उरलेलं नाही."

"मग देवळाच्या पायरीवर ठेव. मुलगीच तर आहे."

सोमिल म्हणाला, "नंदिलकाका, तुमच्या दोन बायका गेल्या. तुमचं दुकान महिनाभरही बंद नव्हतं."

"म्हणून तर महिन्याच्या आत लग्नं केली! वडीलधाऱ्यांना तोंड वर करून विचारतोस?"

बाकीचे चौघे माना डोलवत होते. त्यांतल्या एकाला सोमिलच्या बापानेच घरी ठेवून धंदा शिकवला होता. तोही डोलवत होता.

सोमिलने मुलगी ठेवली, दुकान सोडलं.

श्रेणीत विधुरासाठी एकच काम होतं, लाख वितळवण्याचं. कच्ची लाख लांब कापडी पिशवीत भरतात, पिशवी निखाऱ्यांसमोर धरतात आणि पिळत जातात. कापडातून तापलेली लाख गळते. पिळणाऱ्याची बोटं तिथंच असतात. सोमिल भट्टीच्या आवाराबाहेरच्या झाडाला झोळी बांधायचा, पिळताना एक डोळा झोळीवर ठेवायचा, आणि मजुरीऐवजी शेळीचं दूध मागून घ्यायचा. स्वतः दिवसातून एकदा जेवायचा, तेही वल्लीने उरवलं तर.

येणारेजाणारे हसायचे. "काय रे सोमिल, आई झालास का?"

"झालो," तो म्हणायचा आणि पिशवीला पीळ द्यायचा.

वल्ली बोलायला लागली तेव्हा एकदा त्याचा तळवा चाचपून म्हणाली, "बाबा, तुझा हात झाडासारखा झालाय."

"मग चढ की," तो म्हणाला. ती खरंच चढली, खांद्यापर्यंत.

अशी सात वर्षं गेली. एकाही वडीलधाऱ्याने त्या आवारात पाऊल टाकलं नाही. धूर लागतो म्हणे.

मग राजकन्येचं लग्न ठरलं. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं आणि हाड वाकडं जुळलं होतं. चुडा भरायला नंदिल स्वतः बसला. तीन बांगड्या गेल्या. नववधूची बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पण चेहरे पांढरे पडायचे ते पडलेच.

त्या दिवशी नंदिलला आवाराची वाट सापडली.

"सोमिलबाळा, चल. तुझं दुकान तुला परत दिलं. रीतीचं मी बघून घेतो."

"आणि चौथीही वाढली तर?"

नंदिल "चल, चल" म्हणत पुढे निघाला. सोमिलला कळलं. मग विधुराचा हात लागला म्हणून वाढली, असं सांगता येणार होतं.

तरी तो गेला. त्या पोरीचा यात काय दोष? वल्लीलाही त्याने बरोबर घेतलं.

राजकन्येचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "मुली, दुकान मला हवं आहे, पण खोटं बोलून नको. माझ्या बोटांना आता काही कळत नाही. मी बांगडी दाबून चढवली तर तुझा हात कापेल. ती आधी कापू, मनगटाभोवती घालू, आणि तिथंच सांधू."

"कापलेली बांगडी नववधूला!" नंदिल ओरडला. "अपशकुन!"

"आजोबा," राजकन्या म्हणाली, "तीन तुम्ही वाढवल्यात. शकुनाचं तुम्ही नका बोलू."

सोमिलने बांगडी कापली, ऊब देऊन वाकवली आणि मनगटाभोवती घातली. मग तापल्या सळईने टोकं मऊ केली. टोकं जुळवताना त्याने सांध्याखाली, लाख आणि तिची कातडी यांच्यामध्ये, आपलं बोट ठेवलं. लाख थंड होईपर्यंत हलवलं नाही. जळक्या कातडीचा वास सगळ्यांना आला. राजकन्येचं मनगट लालसुद्धा झालं नाही.

राजाने विचारलं, "या माणसाला भट्टीवर कोणी बसवलं?"

सोमिलने पाचही नावं सांगितली. दबून नाही, चढूनही नाही.

"आम्ही रीत पाळली," नंदिल पुटपुटला. रीत लावणारेही तेच होते.

राजाने सोमिलला दुकान देऊ केलं. तो म्हणाला, "महाराज, तिथं कळणारी बोटं लागतात. यापुढे कोणत्याही विधुराला दुकानावरून उठवू नका, एवढं करा." राजाने ती रीत त्याच दिवशी मोडली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली त्या दिवशी विहाराच्या दारात एक बाप तान्हं मूल घेऊन उभा होता, आणि एक वृद्ध स्थविर भिक्षू त्याला म्हणत होते, "आधी मूल कुठेतरी ठेवून ये, मग धर्म ऐक." कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा नंदिल म्हणजे आजचे हे स्थविर. राजकन्या म्हणजे त्या मुलाला आताच पाणी पाजणारी भिक्षुणी. वल्ली म्हणजे ते मूल. सोमिल मी होतो. आणि सात वर्षं जे त्या निखाऱ्यांसमोरून उठलं नाही, त्याला वीर्यपारमिता, म्हणजे न थकणाऱ्या प्रयत्नाची पूर्णता, म्हणतात."

वल्लीच्या कपाळावर हात ठेवून तिला ताप आहे की नाही, हे सोमिलला उरलेल्या आयुष्यात कधी कळलं नाही.