शून्य बायकांची खाडी

“पण आकडा शून्यच आला, तर मी दुसरं काय लिहू, काकी?”

मैनाकाकी खाडीच्या काठावरच्या दगडावर बसून पाण्यात खोचलेल्या काठीकडे बघत होती.

विचारणारी शलाका. विद्यापीठातून आलेली, डॉक्टर व्हायला निघालेली. औषधं देणारी नव्हे, पुस्तकातली. विषय म्हणे मासेमारीतली बाई-पुरुष असमानता. तिने मला तो दोनदा समजावला, एकदा हळू आणि एकदा आणखी हळू. मी काय बहिरी वाटले की अडाणी, कोण जाणे.

मी शेजारीच कालवं फोडत बसले होते. हात कालवांत, कान तिकडे.

मैनाकाकी म्हणजे आमच्या गावाला खाडी शिकवणारी. नवी सून आली की सासू तिला काकीच्या हवाली करते. मलाही केलं होतं. शिकवते म्हणजे काय... चार चार दिवस तोंड उघडत नाही. उघडलं, की आपल्याला वाटतं, नसतं उघडलं तर बरं झालं असतं.

“काकी, एक सही फक्त,” शलाका म्हणाली. “गावातल्या जाणत्या बाईची सही हवी, की माहिती बरोबर आहे. दोनला माझी गाडी. आता सव्वा वाजलाय.”

“करते.”

“मग करा ना.”

“काठी कोरडी पडू दे.”

शलाकाने काठीकडे बघितलं. काठी वीतभर पाण्यात होती. तिने घड्याळ बघितलं. परत काठी.

“तिचा आणि सहीचा काय संबंध?”

काकीची नजर काठीवरच.

“काकी, उद्या अकराला शिष्यवृत्तीची मुलाखत आहे. सहा तासांचा प्रवास. ही गाडी चुकली तर पुढची सकाळीच. जागा एकच आहे. दोन वर्षं मला परत पाठवलंय त्यांनी, आणि पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी.” तिचा आवाज बारीक झाला होता. “ह्या वेळी नाही, तर कधीच नाही.”

मला तिची दया आली. नखं पार कुरतडून टाकली होती पोरीने.

काकीने विचारलं, “काय काय मोजलंस?”

हे विचारल्याबरोबर बाईसाहेब ताठ झाल्या.

“सगळं. तीन दिवस सकाळी सातला बंदरावर हजर. आलेली प्रत्येक होडी बघितली, उतरलेला प्रत्येक माणूस मोजला. मासे विकणाऱ्या बायका खूप, पण त्यांचा रकाना वेगळा. धरणारी एकही नाही. मग घरोघरी गेले. बेचाळीस घरं. मासेमारी कोण करतं? सगळ्यांनी पुरुषाचं नाव सांगितलं. एकीनेही स्वतःचं नाही.”

खरं होतं ते. मीही माझ्या नवऱ्याचंच सांगितलं होतं. गुडघे गेलेत त्याचे, दोन वर्षांत होडीला हात लावलेला नाही. तरी तोंडातून त्याचंच नाव आलं. नंतर माझं मलाच कसंतरी झालं, पण तोवर ही पुढच्या घरी पोचली होती.

“आणि मग?” काकीने विचारलं.

“मग अकराच्या गाडीने तालुक्याला. लॉजवर बसून सगळं नीट उतरवून काढायचे.”

“रोज अकराला?”

“रोज.”

“बरं...”

काकीच्या ‘बरं’ला मी ओळखते. मी कोयती खाली ठेवली.

“माझा सगळा विषयच त्या शून्यावर उभा आहे, काकी. बाईला पाण्यात उतरूच दिलं जात नाही, हे मी दाखवणार आहे. तुमच्यासाठीच चाललंय हे. तुम्हाला पटत नाही का?”

काकी काठीकडेच बघत राहिली.

“बोला ना काही तरी!”

“बघ,” काकी म्हणाली.

“काय बघू?”

“काठी.”

शलाका बघत बसली. काय करते बिचारी? पाय हलवत होती, पर्सचा बंद पिळत होती, फोन काढून आत टाकत होती. दीड वाजला. पाणी काठीपासून चार बोटं मागे सरकलं, मग हातभर. काठीच्या बुडाशी चिखल उघडा पडला.

काकी उठली. दोन्ही गुडघ्यांवर हात देऊन, हाय हुय करत. तिने काठी उपसली आणि डोक्यावर धरली.

आमच्या वाडीतल्या प्रत्येक पडवीतून ती काठी दिसते. काकीने उचलल्याशिवाय कोणी उतरत नाही, आणि ह्या आठवड्यात ओहोटी अकराच्या नंतरचीच होती. चिखल कधी पाय पेलतो आणि कधी गिळतो, ते तिला कळतं.

मीच पहिली उठले. लुगडं वर खोचलं, टोपली कमरेला बांधली आणि शलाकाच्या समोरून खाडीत उतरले. तिने माझ्याकडे बघितलं. तासभर मी तिच्या शेजारी होते, पण तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

“एक...” ती पुटपुटली.

मग पडव्यांची दारं वाजू लागली. सुलभा आली, तिची सासू आली. खालच्या आळीतल्या चौघी जणी हसत खिदळत आल्या, मागून आणखी कितीतरी. आठवा महिना लागलेली प्रमिला आली, तिला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या, तरी उतरलीच. घरी बसून तिसऱ्या, त्या चिखलातल्या शिंपल्या, कोण आणून देणार होतं तिला?

काकीने शलाकापुढे हात केला.

“दे.”

“काय?”

“पेन. सही करायची ना? काठी कोरडी झाली.”

शलाकाची नजर खाडीतल्या बायकांवरच होती.

“दे गो बाय. तुझी गाडी चुकेल. शून्य लिहिलंयस ना? कुठे करू सही, इथे खाली?”

शलाकाने कागद छातीशी धरला. काकीने ओढला असता तर फाटला असता, इतका घट्ट. काकीने ओढला नाही. हात तसाच पुढे ठेवला.

मग शलाकाने कागद पर्समध्ये कोंबला आणि बोट उचलून आम्हाला मोजायला लागली.

आता तिसऱ्या काय अशा वर पडलेल्या नसतात. चिखलात पायाने चाचपायच्या, अंगठ्याला लागली की वाकायचं, आणि वाकलं की डोकं पाण्याबरोबर. एक वर येते तोवर तिघी खाली. काठावरून काय मोजणार कपाळ! ती सतरापर्यंत जायची, चुकायची, पुन्हा एकपासून. मला ऐकू येत होतं. माझं ‘एक’ दोनदा तिने प्रमिलाला दिलं.

वर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

तिने ऐकला, मी बघितलं ना. मान वळली तिची. सगळं अंग वळलं. दोन पावलं वर चढलीसुद्धा, आणि मी मनात म्हटलं, जा गो, पळ, तुझं सगळं आयुष्य आहे त्या गाडीत.

“एकोणीस,” ती म्हणाली, तोंड रस्त्याकडे, बोट आमच्याकडे. “नाही... एकोणीस धरली होती मी... थांबा, हलू नका ना!”

हॉर्न पुन्हा वाजला. मग वळणावर गिअर पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

शलाका होती तिथेच मटकन खाली बसली. थोड्या वेळाने तिला रडू फुटलं. मोठ्याने, लहान मुलासारखं. आम्ही सगळ्या होतो तिथे थांबलो.

“गेली, काकी... गाडी गेली. मुलाखत गेली. शून्य गेलं, आणि त्याच्या जागी माझ्याकडे आकडाच नाही. तीनदा मोजलं, तीनदा वेगळा आला. आता मी काय करू?”

काकीने काठी पुन्हा चिखलात रोवली. मग शलाकाच्या पायांकडे बघितलं.

“आधी चपला काढ.”