दंतपूरची नवी नाणी

पूर्वी दंतपुरात वीरबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नाणेपारख्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रसेन. नाणे चोख की हिणकस, याबाबत दरबारात त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

राजाला लढायांची भारी हौस. जिंकण्याचे मात्र तितकेसे जमत नसे. तीन मोहिमांत खजिना रिकामा झाला आणि परदेशी व्यापाऱ्यांचे कर्ज राज्याच्या डोक्यावर बसले. तेव्हा पिंगल अमात्याने युक्ती काढली. चांदीच्या नाण्यांत निम्मे तांबे मिसळायचे, म्हणजे एकाची दोन होतील. सैनिकांचे वेतन नव्या नाण्यांत चुकते झाले आणि राजा खूश झाला.

पण बाजारातली माणसे काही खुळी नव्हती. एका नाण्याच्या जागी ती दोन मागू लागली. वर्षभरात सगळ्याच वस्तूंचे भाव दुप्पट झाले, लोक रस्त्यावर उतरले, आणि घाबरलेल्या राजाने दवंडी पिटवली, "जो भाव वाढवील त्याचे हात तोडले जातील."

पहिली सापडली ती तांदूळ विकणारी रोहिणी नावाची विधवा. तिला बांधून दरबारात आणले. समोर लाकडी ठोकळा मांडला होता.

"महाराज, तुमची दोन नाणी मिळून पूर्वीचं एक होतं," ती रडत म्हणाली. "मी काय वाढवलं? हात गेले तर लेकरांना भरवू कशानं?"

राजाने भद्रसेनाला नाणे पारखायला सांगितले. पिंगल हळूच त्याच्या कानाशी लागला. "चोख आहे, एवढंच म्हण. उद्यापासून टांकसाळ तुझी."

भद्रसेनाने रोहिणीकडे पाहिले आणि मनाशी ठरवले, की काहीही झाले तरी खरे तेच बोलायचे.

"महाराज, हे निम्मं तांबं आहे. तांदूळ महागला नाही, आपलं नाणं हलकं झालं."

"त्यावर माझी मुद्रा आहे!" राजा कडाडला. "शब्द मागे घे, नाहीतर तिच्याआधी तुझे हात जातील."

"तोडा महाराज. पण माझा यंदाचा कर राहिला आहे, तेवढा भरून घ्या." असे म्हणून त्याने नव्या नाण्यांची थैली कोषाध्यक्षापुढे रिकामी केली आणि दोन्ही हात ठोकळ्यावर ठेवले.

म्हातारा कोषाध्यक्ष सवयीने बोलून गेला, "ही इथं चालत नाहीत. कर जुन्याच नाण्यांत घ्यायचा, असा हुकूम आहे."

"भाव कोणी वाढवले ते आपल्या खजिन्यालाच ठाऊक आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "आता हात कोणाचे तोडायचे, ते महाराजांनीच सांगावं."

राजाने आपल्याच हातांकडे पाहिले. मग सिंहासनावरून उतरून त्याने स्वतः रोहिणीच्या दोऱ्या सोडल्या. नवी नाणी वितळवली गेली, लढाईचे हत्ती विकले गेले. कर्ज फिटायला अकरा वर्षे लागली आणि ती सगळ्यांनाच जड गेली, राजवाड्यालासुद्धा. पण राजा मागे फिरला नाही.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे देवदत्त, राजा म्हणजे आनंद, रोहिणी म्हणजे उत्पलवर्णा, आणि ठोकळ्यावर हात ठेवणारा पारखी मीच होतो."

केलेला निश्चय ढळू न देणे, ही अधिष्ठान पारमिता बोधिसत्त्वाने त्या जन्मी पूर्ण केली.