कोरडे सांधे

“आता तरी वस्त्र देशील का, माय?” ट्रॅक्टरखालून बाहेर येत भगीनाथनं विचारलं.

हौसामायनं अडकित्त्यात सुपारी धरली. कातरली. तोंडात टाकली.

टेकडीवरच्या मठाची ही म्हातारी. मठाला थोडं रान होतं आणि रानाला एक जुना ट्रॅक्टर. भगीनाथ घरदार सोडून तिच्या पायाशी आला, त्याला दोन पावसाळे झाले. तेवढ्या काळात तिनं त्याला ना मंत्र दिला ना भगवं वस्त्र. शेण काढ म्हणाली, पाणी भर म्हणाली. आणि काल म्हणाली, ट्रॅक्टरच्या सांध्यांवरचं जुनं ग्रीस काढ, मग वस्त्राचं बघू.

त्या ‘मग’ला धरून गडी सकाळपासून ट्रॅक्टरखाली लोळत होता.

ग्रीस तरी कसलं, धूळ आणि भुसा पिऊन पिऊन तव्याच्या बुडासारखं कडक झालेलं. पेचकसानं खरवडावं तर ढलप्या निघायच्या. मग तारेचा ब्रश. मग डिझेलात बुडवलेल्या चिंध्या. मठातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चिंध्या त्यानं संपवल्या आणि वर रिठ्याच्या पाण्यानं सांधा न् सांधा धुतला. नवरीला न्हाऊ घालतात तसा.

मध्येच त्याचा थोरला भाऊ रंगनाथ येऊन गेला होता. भगीनाथ काही बाहेर निघाला नाही. त्याला खालून दिसले ते नुसते भावाचे पाय. टायरच्या चपला, घोट्यापर्यंत धूळ.

भावानं जे सांगायचं ते चाकालाच सांगितलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. उद्या सकाळी पट्टी सुटायचीय. पट्टी सुटली की पहिलं तोंड धाकट्याचं बघायचं, असा तिनं हट्ट धरलाय. रातच्याला घरी चल, उद्या माघारी ये, तुला कोण बांधून ठेवतंय?

भगीनाथचा ब्रश थांबला नाही.

“इथं कुणी कुणाचा भाऊ नाही,” तो चाकाआडून म्हणाला.

ते पाय जरा वेळ तिथंच राहिले... मग वळले. मायनं रंगनाथला पिठलंभाकर वाढली. त्यानं खाल्ली न खाल्ली केली आणि दिवस कलताना येणाऱ्या एसटीसाठी तो टेकडी उतरून फाट्यावर जाऊन बसला. दिवसाची तेवढी एकच गाडी.

भाऊ आला न् गेला, तरी आपलं मन तसूभर हललं नाही. या गोष्टीचं भगीनाथला मोठं अप्रूप वाटत होतं. आता वस्त्र कुठं जातंय? मायनं ते कालच गेरूत बुडवून दोरीवर वाळत घातलं होतं. सकाळपासून त्याचा एक डोळा ग्रीसवर होता आणि एक दोरीवर.

माय गुडघ्यावर हात देत उठली. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. एका सांध्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं. बोट स्वच्छ.

“चढ वर. चालू कर. वळव.”

भगीनाथनं ट्रॅक्टर चालू केला आणि स्टेरिंग वळवलं. ते जड झालं होतं. त्यानं जोर लावला तशी खालून किर्रर्र किंकाळी फुटली. कोरडा रहाट ओरडावा तशी.

“बंद कर. मोडशील.”

त्यानं बंद केला.

“ग्रीस कुठंय?”

“काढलं. तूच म्हणालीस.”

“नवं कुठंय?”

हे उत्तर त्यानं सकाळपासून घोळून ठेवलं होतं. नवं भरलं की त्यावर धूळ बसणार, धूळ बसली की पुन्हा काळं होणार, पुन्हा चिकटणार. म्हणून चिकटेल असं काही ठेवलंच नाही, कोरडंच सोडलं. आता माय पाठीवर हात ठेवील, असं त्याला वाटलं.

मायनं कपाळाला हात लावला. “जेवायला वाढलंच नाही तर ताट खरकटं होत नाही, एवढं मलाबी कळतं, बाबा.”

भगीनाथचं टाळकं सणकलं. दोन पावसाळ्यांचं साठलेलं एकदम वर आलं.

“ठेवलं तरी चूक, काढलं तरी चूक. किती दिवस शेण काढू? एकदा काय ते धड सांग, माय.”

माय पडवीत गेली. ग्रीस भरायची गन घेऊन आली आणि त्याच्या छातीशी आदळली.

“भर.”

तो पुन्हा खाली शिरला. सांध्यावरच्या, ग्रीस आत जायच्या बोंडाला गन लावून दाबली. दाबली. पुन्हा दाबली. तशी सांध्याच्या फटीतून हळूच काही बाहेर आलं.

काळं. डांबरासारखं काळं.

भगीनाथचा हात थांबला. सगळं तर खरवडलं होतं. रिठ्यानं धुतलं होतं...

तो दाबत राहिला. काळं येतच राहिलं. पुष्कळ वेळानं कुठं पिवळं, लोण्यासारखं ग्रीस दिसलं. पण तोवर सांधा सगळा बरबटला होता. त्यानं चिंधीसाठी हात मागं केला. चिंधी एकही उरली नव्हती.

माय दोरीपाशी गेली. भगवं वस्त्र ओढून काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“पूस.”

“माय... हे वस्त्र...”

“मागत होतास ना?”

भगीनाथचा हात पुढं होईना. काळा गोळा सांध्याला लोंबत होता, आत्ता पडतो की मग पडतो.

त्यानं पुसलं. भगव्यावर आडवा काळा पट्टा उमटला.

एकेक करत त्यानं सगळे सांधे भरले, सगळे त्याच वस्त्रानं पुसले. मग वर चढून ट्रॅक्टर चालू केला, स्टेरिंग वळवलं. आवाज नाही. चाक असं वळलं की दोन बोटं पुरावीत. त्यानं काम नसताना उगाच पुन्हा एकदा वळवून बघितलं.

“हे पुन्हा काळं होईल, माय,” तो हळूच म्हणाला.

“होईल.”

“मग?”

मायनं कपाळावर आडवा हात धरून सूर्याकडं बघितलं. तो डोंगराच्या वर अजून हातभर होता.

“फाट्यापर्यंत नेऊन बघ, नीट वळतंय का. एसटी अजून यायचीय.”