गोठ्याचा उंबरा

“मला अडवता, बुवा? मी काय चोर आहे?”

केरबा खवळला होता. देवळामागच्या गोठ्याच्या दारात रेवणबुवांनी काठी आडवी धरली होती. आत मठाच्या गाई निवांत रवंथ करत होत्या.

“आधी पाय धू. मग ये.”

केरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या पायावर दर पौर्णिमेला डोकं ठेवायचं, त्यांनी आज दारातच उभं करावं! तेही घरात असा प्रसंग असताना. त्याच्या बैलाला लाळ्या खुरकूत झाला होता. तोंडात फोड, लाळेची धार आणि खूर असे सडलेले, की बिचाऱ्याला उभंही राहवत नव्हतं. घरच्या गोठ्यात त्याच्या शेजारीच दिवस भरलेली गाय बांधलेली. ती तरी वाचावी म्हणून अंगारा न्यायला केरबा होता तसा धावत आला होता आणि बुवा गोठ्यात दिसले म्हणून इकडंच वळला होता.

“हा न्याय झाला का?” तो कडाडला. “रोगाची आवई उठली तसा आम्ही मरीआईचा गाडा काढला. नारळ, लिंबं, हिरवं लुगडं... काही कमी केलं नाही. रोगासकट देवीला वाजतगाजत शिवेपार पोचवलं. गाड्याला बैल माझा जुंपला होता, बुवा! आणि रोग माझ्याच दारात?”

“गाडा कुठं सोडलात?”

“खालच्या वाडीच्या पाणवठ्यावर. नेहमी तिथंच सोडतो.”

“त्या वाडीतही गुरं आहेत, केरबा.”

“असतील! रोग सुरू तिथनंच झाला. त्यांचं त्यांनी बघावं.”

“बैल दमला असेल तुझा.”

“दमणारच की. उन्हाचा चालला. तिथंच पोटभर पाणी पाजलं आणि...”

केरबा मध्येच थांबला.

आतली एक गाय फुरफुरली.

“लस टोचून घेतली होतीस?”

“गाडा काढल्यावर लस कशाला?” केरबाचा आवाज पुन्हा चढला. “म्हणजे गाव वेडं, आमचे वाडवडील वेडे, असंच ना?”

“आज बैलाची लाळ कुणी पुसली?”

“मीच. दुसरं कोण पुसणार?”

“आणि गाईला वैरण?”

“तीही मीच...”

केरबानं नकळत दोन्ही हात धोतराला पुसले. पण राग काही उतरेना. एवढ्या वर्षांच्या भक्तीचं हे फळ!

“बरं, नका येऊ देऊ गोठ्यात!” तो म्हणाला. “अंगारा तर गाभाऱ्यात आहे ना? की तिथंही या पायांनी गेलेलं चालायचं नाही?”

बुवांनी काठी तशीच आडवी ठेवली.

“तिथं खुशाल जा. देवाला खूर नसतात.”